टर्बो एंजिन कां जळतें व तें पुन्हां कसें उभारावें

ट्रॅक्टरच्या एंजिनास टर्बो म्हणून जो गोगलगाईच्या आकाराचा भाग अलीकडे बसविलेला असतो, त्याविषयीं आमच्या सभासदांत दोन तट आहेत. एक म्हणतो, टर्बो म्हणजे फुकटची शक्ति. दुसरा म्हणतो, टर्बो म्हणजे घरांत आणलेलें दुखणें, तो काढून टाकावा हेंच बरें. आमचें मत असें कीं, दोन्ही पक्षांनीं एंजिन उघडून पाहिलेलें नाहीं. गेल्या गळीत हंगामांत आमच्या कृष्णाकांठच्या गांवीं एका टर्बो ट्रॅक्टरचें एंजिन एकाच महिन्यांत दोनदां गेलें. दुसऱ्या वेळीं तें उघडलें जात असतां प्रत्येक भागाची नोंद लिहिण्याचें काम आमच्याकडे आलें. महसूल खात्याच्या नोकरींत आमचें बहुतेक आयुष्य पंचनामे व फेरफार लिहिण्यांत गेलें असल्यामुळें तें आम्हांस जड गेलें नाहीं. त्या नोंदवहीच्या आधारें हा पाठ वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम टर्बो करतो काय तें समजून घेतलें पाहिजे. डिझेल एंजिनाची शक्ति डिझेलांत असली तरी ती बाहेर पडते हवेच्या मापानें. चुलींत लांकडें कितीही कोंबलीं तरी वारा मिळाल्याशिवाय जाळ होत नाहीं, धूरच होतो. तसाच हा प्रकार आहे. एक लिटर डिझेल काळा धूर न होतां जाळावयाचें तर सुमारें १४ घनमीटर हवा लागते. म्हणजे तासास सात लिटर डिझेल खाणारा ट्रॅक्टर तेवढ्याच वेळांत शंभर घनमीटर हवा ओढतो. साधें एंजिन ही हवा पिस्टनच्या ओढीनें घेतें व सिलिंडरचें जें आकारमान तीच त्याची मर्यादा. टर्बोमध्यें एकाच दांड्यावर दोन पंखे असतात. धुराड्याकडे जाणारा तप्त धूर एका पंख्यावर आदळून त्यास फिरवितो, आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा ओढून ती दाबानें एंजिनांत भरतो. वायां जाणाऱ्या धुराकडून अशी वेठ करून घेण्याची युक्ति आल्फ्रेड ब्यूखी नांवाच्या स्विस एंजिनिअरनें काढली व १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. जहाजांच्या डिझेल एंजिनांवर ती यशस्वी होण्यास मात्र १९२५ साल उजाडावें लागलें. शेतीच्या कामांत ती त्याहून उशिरां आली. अमेरिकेंतील ॲलिस-चामर्स कंपनीनें १९६१ सालीं डी-१९ हा ट्रॅक्टर कारखान्यांतूनच टर्बो बसवून विकावयास काढला. आतां तर आपल्या बाजारांतील मोठ्या ट्रॅक्टरांवर टर्बो ही नित्याची गोष्ट झाली आहे.

या शक्तीस फुकटची म्हणणें चुकीचें आहे. हवेचा दाब दुप्पट केला म्हणजे ३५ अंशांची हवा सुमारें १३० अंशांपर्यंत तापते, म्हणून ती इंटरकूलर नांवाच्या जाळींतून थंड करून घ्यावी लागते. टर्बोचा दांडा मिनिटास लाखाच्या घरांत फेरे घेतो. त्याच्या एका टोकास भरभारांत सहाशें ते सातशें अंशांचा धूर असतो, आणि हा दांडा केवळ तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत असतो. तें तेल क्षणभर थांबलें तर काय होईल याची कल्पना वाचकांनींच करावी.

आमच्या पिढीनें जें एंजिन पाहिलें तें विहिरीवरचें, मिनिटास ६५० फेऱ्यांचें, एका सिलिंडरचें, जड चाकाचें. त्यानें आम्हां सर्वांस एक वाईट खोड लावून ठेविली आहे. तें एंजिन सोशीक होतें. पेटवितांच पट्टा चढवावा, काम संपतांच दांडी ओढून बंद करावें, तेल काळें झालें तरी आणखी एक महिना चालवावें, हें सर्व तें निमूटपणें सहन करी. टर्बो एंजिन तशा स्वभावाचें नाहीं. भारांतून आणून एकदम बंद केलें कीं तेलाचा प्रवाह थांबतो, दांडा मात्र फिरत व तापत राहतो, आणि आंत राहिलेलें तेल करपून त्याचा कोळसा होतो. म्हणून थांबण्यापूर्वीं दोन-तीन मिनिटें व सुरू केल्यावर एक-दोन मिनिटें एंजिन भाराविना मंद चालवावें, एवढें तरी प्रत्येकानें पाळावें.

आतां त्या एंजिनाकडे वळूं. ट्रॅक्टर दोघां भावांचा, ५५ अश्वशक्तीचा, चार सिलिंडरचा. साखर कारखान्याकडे ऊस वाहण्याचा करार केलेला, तोडणीच्या टोळीस उचल देऊन झालेली, आणि या सर्वांकरितां सोसायटीचें कर्ज घेतलेलें. दोन ट्रेलर भरून चढावर ट्रॅक्टर मंदावतो म्हणून नोव्हेंबरांत रस्त्याकांठच्या एका मिस्त्रीकडून पंपाचें सील तोडून स्क्रू फिरवून घेण्यांत आला. ऊसवाहतुकीच्या भागांत ही गोष्ट इतकी सर्रास चालते कीं ती कोणास गैर वाटत नाहीं. ट्रॅक्टर जोरांत पळूं लागला, धुराड्यांतून काळा धूर येऊं लागला, आणि तो धूर पाहून लोक म्हणत, ओढ काय आहे पाहा! काळा धूर म्हणजे न जळलेलें डिझेल. तें विकत घेतलेलें असतें व हवेच्या अभावीं धुराड्यांतून जात असतें, एवढेंच त्याचें कौतुक.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत चढावर एंजिनानें ठोका दिला व तें बसलें. उघडल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनच्या माथ्यास रुपयाएवढें भोंक पडलेलें दिसलें. हंगाम चालू, ऊस तोडून पडलेला, टोळी बसून खात असलेली. अशा वेळीं कोणीही घाई करील. मिस्त्रीनें तिसरा पिस्टन व लायनर नवा घातला, तेल बदललें, टर्बोचा पंखा बोटानें फिरवून पाहिला, तो फिरतो असें म्हणून तसाच बसविला, आणि चौथ्या दिवशीं ट्रॅक्टर पुन्हां रस्त्यावर आला. खर्च ४२,६०० रुपये. काम स्वस्तांत व लौकर झालें म्हणून समाधान झालें.

तें समाधान ३१ तास टिकलें. कारखान्याच्या वाटेवर एंजिन आपोआप भडकल्यासारखें पळूं लागलें. चालकानें पाय काढला, स्टॉपची दांडी ओढली, तरी फेरे वाढतच गेले व पांढरट निळा धूर इतका झाला कीं मागचा ट्रेलर दिसेना. असें कां होतें हें प्रत्येक चालकास ठाऊक असावें. टर्बोचा दांडा ढिला होऊन त्याचें तेल हवेच्या वाटेनें सिलिंडरांत शिरूं लागतें, आणि डिझेल बंद केलें तरी एंजिन स्वतःचेंच तेल जाळून पळत राहतें. त्यास थांबविण्याचे उपाय दोनच. हवेची वाट बंद करावी, किंवा वरच्या गिअरांत टाकून, ब्रेक दाबून धरून क्लच सोडावा व एंजिन गुदमरवावें. हवेच्या तोंडावर हात किंवा फडकें कधींही धरूं नये. ती ओढ बोटें व फडकें दोन्ही आंत घेते. सपाट फळी किंवा जाड पत्रा आडवा दाबावा. या चालकास गिअरची युक्ति सुचली म्हणून तो व रस्त्यावरचे लोक वांचले.

ट्रॅक्टर ओढून अंगणांत आणला तेव्हां दोघां भावांत वाद पडला. एका व्यापाऱ्यानें आहे त्या स्थितींत १,६०,००० रुपये देऊं केले होते. धाकटा म्हणे, विकून मोकळें व्हावें. थोरला म्हणे, ट्रॅक्टर गेला तर करार गेला, उचल बुडाली, आणि सोसायटीचा हप्ता मार्चांत आहे तो जमीन विकूनच भरावा लागेल. थोरल्यानें दुरुस्तीसाठीं जादा कर्ज मागितलें. कमिटीचा प्रश्न सरळ होता. एक दुरुस्ती ३१ तासांत वायां गेली. दुसरी जाणार नाहीं कशावरून? त्याचें उत्तर लेखी हवें म्हणून तालुक्याच्या गांवचा एक वृद्ध फिटर बोलाविला व नोंद ठेवण्यास आम्हांस बसविलें. या फिटरनें पाना हातीं घेण्यापूर्वींच एक अट घातली कीं, निघालेला एकही भाग धुवावयाचा नाहीं, पुसावयाचा नाहीं, फेंकावयाचा नाहीं. आम्हांस हा मनुष्य तेथेंच आवडला. मोडका भाग हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराचें तोंड आधींच धुवून टाकलें तर तो सांगणार काय?

पंचनाम्यांत जें निघालें तें असें. टर्बोच्या धुराकडील पंख्याच्या पात्यांच्या कडा दांतरलेल्या होत्या. पहिल्या वेळीं पिस्टन वितळला तेव्हां त्याचे कण धुराबरोबर याच वाटेनें गेले व त्यांनीं पात्यांचे टवके काढले. लाख फेरे घेणारा पंखा गुंजभर जरी एका बाजूस हलका झाला तरी दांडा थरथरूं लागतो. बोटानें फिरवून तें कळणें शक्य नव्हतें. त्या थरथरीनें बेअरिंग झिजलें, हवेकडील पंखा घरास घासून फुटला व त्याचे तुकडे इंटरकूलरांत जाऊन बसले. पहिल्या अपघाताचे दुसरे कण खालीं तेलांत पडले होते. तेल बदललें होतें खरें, पण ऑइल कूलरच्या बारीक वाटांत ते अडकून राहिले व हळूहळू सुटून क्रँकच्या बेअरिंगांत रुतले. चार बेअरिंगांवर तांबें उघडें पडलें होतें. म्हणजे दुसरा बिघाड हा पहिल्याचाच उरलेला भाग होता.

परंतु पहिला कां झाला? येथें नव्या पिस्टननें साक्ष दिली. तिसऱ्या सिलिंडरांतील ३१ तास चाललेल्या पिस्टनच्या माथ्यावर, जुन्यास जेथें भोंक पडलें होतें नेमक्या त्याच जागीं, करपलेला डाग उठूं लागला होता. जुना पिस्टन थोरल्या भावानें गोठ्यांत ठेविला होता, म्हणून दोन्ही शेजारीं ठेवून पाहतां आलें. एकच पिस्टन एकाच जागीं जळत असेल तर संशय नोझलवर घ्यावा. चारही सारखे तापले असतील तर पंप किंवा हवा यांवर. नोझल तपासणीस लाविलें तेव्हां तिसऱ्याचा फवारा न होतां थेंब गळत होते. उरलेल्या तीन पिस्टनांच्या माथ्यांच्या कडेस केंसासारख्या चिरा होत्या, म्हणजे तेही त्याच वाटेवर होते. पंप मशिनवर चढविला असतां डिझेल पुस्तकांतील मापापेक्षां शेंकडा २२ अधिक पडत होतें. शिवाय टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारी रबरी नळी एका पट्टीस घासून फाटली होती व दाबाची हवा तेथून बाहेर जात होती. चालकानें सांगितलें कीं, डिसेंबरपासून भारांत शिट्टीसारखा आवाज येत होता. तो त्यास टर्बोचाच वाटला. डिझेल वाढलें, हवा घटली, आणि एका नोझलानें भर घातली. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. तो वितळण्याच्या पुष्कळ आधीं, साडेतीनशें अंशांच्या आसपासच, आपलें निम्म्याहून अधिक बळ गमावून बसतो. मग वरचा दाब त्यास सहज फाडतो.

धुळीचा पुरावा येथें सांपडला नाहीं, पण वाचकांच्या माहितीसाठीं फिटरनें त्याच्या खुणा सांगितल्या. धुळीनें एंजिन जातें तेव्हां हवेकडील पंख्याच्या पात्यांच्या धारा बोथट होतात, लायनर वरच्या भागीं अधिक झिजतो, फिल्टरच्या पुढच्या नळींत बोट फिरविलें असतां माती लागते. तेलाअभावीं गेलें तर टर्बोचा दांडा निळा पडतो.

हा कागद कमिटीपुढें गेला. दोष यंत्राचा नसून कारणें तीन आहेत, तीं तिन्ही दूर करतां येतात, असें त्यांत लिहिलें होतें. कर्ज मंजूर झालें, त्यास एक अट जोडून: पंप मूळ मापावर आणून त्यास पुन्हां सील लावावें.

उभारणीस १९ दिवस लागले. चारही पिस्टन, लायनर व रिंगा नव्या. प्रत्येक रिंग तिच्याच लायनरमध्यें बसवून टोंकांमधील फट पत्तीनें मोजली. १०० मिलिमीटरच्या आसपासच्या बोअरला ही फट बहुधा ०.३० ते ०.५० मिलिमीटर असते, परंतु आपल्या एंजिनाच्या पुस्तकांत असेल तेंच माप खरें. टर्बो एंजिनांत फट कमी ठेवणें हें चांगल्या कामाचें लक्षण समजूं नये. तापल्यावर रिंग फुगते, टोंकें एकमेकांस भिडतात, आणि रिंग लायनर ओरबाडते किंवा पिस्टनची खांच मोडते. क्रँक ०.२५ मिलिमीटर घासून त्या मापाचीं बेअरिंगें घातलीं. लेथवाल्यास आधींच बजावून ठेवलें होतें कीं, कोंपऱ्याची गोलाई मूळची तशीच राहिली पाहिजे. तेथें काटकोन पडला कीं क्रँक पुढें तेथूनच तडकतो. तेलाच्या सर्व वाटा बूच काढून साफ केल्या. पिस्टनच्या पोटावर तेल उडवून त्यास थंड ठेवणाऱ्या बारीक नळ्या तारेनें व हवेनें मोकळ्या केल्या. ऑइल कूलर धुवून घ्यावा कीं नवा घ्यावा यावर चर्चा झाली. फिटर म्हणाला, धुतलेला मी बसवीन, पण जबाबदारी घेणार नाहीं. नवा घेतला. इंटरकूलर रॉकेलनें पांच वेळां उलटसुलट धुतला, पांचव्या वेळींही कण पडले, म्हणून तोही नवा घ्यावा लागला. टर्बोचा मधला संच तोल साधलेला असा नवा आणला. हेडचे बोल्ट जुने न वापरतां नवे आणले व माप दाखविणाऱ्या पान्यानें, पुस्तकांतील क्रमानें, टप्प्याटप्प्यानें आवळले. हात बसलेला आहे असें म्हणणारे मिस्त्री पुष्कळ आहेत, पण दाबाच्या एंजिनांत गॅसकेट हाताच्या अंदाजास भीक घालीत नाहीं.

एकंदर खर्च १,३८,२०० रुपये आला. पहिल्या वेळींच एंजिन नीट उघडलें असतें तर टर्बो फुटला नसता, इंटरकूलर वांचला असता आणि क्रँकही घासावा लागला नसता. त्या वेळीं ऐंशी हजारांत काम झालें असतें असा फिटरचा अंदाज होता.

पहिल्यांदा सुरू करतांना टर्बोच्या तेलाच्या तोंडांत स्वच्छ तेल ओतलें, डिझेल बंद ठेवून स्टार्टरनें थांबून थांबून एंजिन फिरविलें, आणि तेलाचा दाब दिसल्यावरच डिझेल सोडलें. तेल टर्बोस योग्य अशा सीआय-४ दर्जाचें, १५ डब्ल्यू ४० जाडीचें. नवें एंजिन दिवसभर मंद चालवून ठेवावें असा आपल्याकडे समज आहे, तो सोडला पाहिजे. भाराविना फार वेळ चाललें तर रिंगा लायनरशीं नीट बसत नाहींत, लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो व तेल वर चढूं लागतें. पहिले ५० तास निम्मा ते पाऊण भार द्यावा, तोही बदलता. ५० तासांनीं तेल बदलतांना जुना फिल्टर कापून पाहिला. घड्यांत चकाकणारी भुकटी होती, पण बोटास टोंचणारा कण एकही नव्हता.

थोरल्या भावानें आपणहून एक खर्च केला. टर्बोच्या तोंडाशीं धुराची उष्णता दाखविणारा तापमापक बसविला. मूळ मापाच्या डिझेलवर, दोन ट्रेलर भरून, त्याच चढावर कांटा ६०० च्या पुढें गेला नाहीं. चालकाची मात्र तक्रार आहे कीं चढावर एक गिअर खालीं घ्यावा लागतो व खेपेस दहा मिनिटें अधिक लागतात. तक्रार खरी आहे. स्क्रू फिरवून मिळत होतीं तीं हींच दहा मिनिटें, आणि त्यांपायीं गळीताच्या ऐन हंगामांतले २३ दिवस गेले. मार्चचा हप्ता व्याजासह मे महिन्यांत भरला गेला, जमीन राहिली.

टर्बो काढून टाकावा म्हणणाऱ्यांस दोन शब्द. अशा एंजिनाचा पंप टर्बोची हवा गृहीत धरून लाविलेला असतो. टर्बो काढून पंप तसाच ठेवला तर हवा कमी व डिझेल अधिक, म्हणजे वरचीच अवस्था होते. पंप कमी केला तर ५५ अश्वशक्तीचे पैसे देऊन चाळिशीचा ट्रॅक्टर घरीं राहतो. १ जानेवारी २०२३ पासून पन्नासाहून अधिक अश्वशक्तीच्या नव्या ट्रॅक्टरांस धुराचे कडक नियम लागू झाल्यामुळें त्यांतील डिझेलचें माप बहुधा संगणक ठरवितो. तेथें स्क्रू नाहीं, म्हणून आतां चिप बदलून ओढ वाढवून देणारे फिरूं लागले आहेत. नांव बदललें तरी पिस्टन ॲल्युमिनियमचाच आहे.

दोन्ही पिस्टन, फुटलेला पंखा, तांबें उघडें पडलेलें एक बेअरिंग व इंटरकूलरांतून निघालेले कण एका कांचेच्या बरणींत घालून सोसायटीच्या खोलींत कपाटावर ठेविले आहेत. नोंदवहीही तेथेंच आहे. बाजारच्या दिवशीं दुपारीं आम्ही तेथें असतों. ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं आपल्या चालकास बरोबर घेऊन यावें.